न पिणाऱ्याचे यकृत : स्थूलता, दाह आणि यकृताचा कर्करोग

प्रास्ताविक

यकृताचा आजार झाला असे कळताच आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो दारूचा. हा प्रश्न अगदीच निराधार नाही. दीर्घकाळच्या मद्यपानाने यकृत कठीण होते व त्यातून कर्करोगही उद्भवतो, ही सर्वमान्य गोष्ट आहे. हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंमुळेही यकृताचा कर्करोग होतो आणि आपल्या देशात आजही त्यांचा वाटा मोठा आहे. परंतु गेल्या चार दशकांत या दोन कारणांच्या जोडीला आणखी एक कारण पुढे आले आहे. ज्या घरात दारूचा थेंब येत नाही आणि ज्याच्या रक्तात हे विषाणूही नाहीत, त्यालाही ते गाठते. हे कारण म्हणजे स्थूलता आणि तिच्यामुळे यकृतात साठणारी चरबी.

मद्य निषिद्ध मानणाऱ्या आपल्या समाजात या विषयाचे अज्ञान दोन प्रकारे नुकसान करते. एक तर 'आपण पीत नाही, तेव्हा आपले यकृत ठणठणीत' अशी खोटी खात्री मनात राहते व सोनोग्राफीच्या अहवालातील 'फॅटी लिव्हर' हे शब्द वाचूनही कागद कपाटात जातो. दुसरे म्हणजे एखाद्या परहेजगार माणसाला किंवा घरातील स्त्रीला यकृताचा आजार झालाच, तर कुजबुज सुरू होते. न केलेल्या गुन्ह्याचा डाग टाळण्यासाठी मग आजारच लपवला जातो आणि उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो.

प्रस्तुत लेखात चरबीपासून कर्करोगापर्यंतचा हा प्रवास कसा होतो आणि त्यात शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी कोणती भूमिका बजावतात, हे समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. औषधोपचार सुचवणे हा लेखाचा हेतू नाही. तो डॉक्टरांचा अधिकार आहे. आजाराची रीत समजली तर डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारावा हे तरी समजेल, एवढीच अपेक्षा.

जिगर, काळीज आणि यकृत

उर्दूत 'जिगर' हा शब्द धैर्य, माया आणि दुःख सोसण्याची ताकद या साऱ्यांसाठी येतो. 'जिगरी दोस्त', 'लख्त-ए-जिगर' हे शब्दप्रयोग मराठी माणसालाही परके नाहीत. मराठीतील 'काळीज' हा शब्द हृदय आणि यकृत या दोन अवयवांच्या मधोमध उभा आहे. खाटकाच्या दुकानातील 'कलेजी' मात्र निःसंशय यकृतच. युनानी वैद्यकाने हृदय व मेंदू यांच्याबरोबर जिगरला 'आज़ा-ए-रईसा' म्हणजे प्रमुख अवयवांत स्थान दिले. इब्न सीना यांच्या ग्रंथातही ही मांडणी आढळते.

आधुनिक शरीरशास्त्राने हे महत्त्व वेगळ्या रीतीने सिद्ध केले. प्रौढ माणसाचे यकृत साधारण दीड किलो वजनाचे असते. त्यातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते आणि त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून 'पोर्टल व्हेन' या मोठ्या शिरेतून येते. म्हणजे आपण जे खातो त्याचा पचलेला अंश आणि त्याच्याबरोबर आतड्यातील जीवाणूंचे अवशेष शरीरभर जाण्याआधी यकृताच्या दारात हजर होतात.

या दारावर पहारा असणे ओघानेच आले. यकृतात 'कुप्फर पेशी' नावाच्या भक्षक पेशी कायम वस्तीला असतात. आलेला जीवाणू गिळणे, मेलेल्या पेशींचा निचरा करणे ही त्यांची कामे. त्यांच्याखेरीज विविध टी-पेशी व 'नैसर्गिक मारक' पेशी यकृतात फिरत असतात. तरीही निरोगी यकृत सहसा शांत असते. रोजच्या अन्नातील प्रत्येक परक्या कणावर तुटून पडायचे ठरवले तर यकृत एका आठवड्यातच निकामी होईल. त्यामुळे या पहारेकऱ्यांना सहनशीलतेचीही शिकवण असते. स्थूलतेत नेमका हाच तोल ढळतो.

सूज आणि दाह : दोन शब्दांतील अंतर

पुढे जाण्यापूर्वी एका शब्दाचा उलगडा करणे आवश्यक आहे. बोटाला काटा टोचला तर ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि दुखते. ही चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवली. मराठीत आपण याला 'सूज' म्हणतो, युनानी परिभाषेत 'वरम'. यकृताच्या सुजेला 'वरम-ए-जिगर' हा जुना शब्द आहे. ही सूज उपकारक असते. पांढऱ्या पेशी जखमेकडे धावतात, जंतूंचा नाश करतात, मोडतोड दुरुस्त करतात आणि काम संपताच परततात.

वैद्यकाला अभिप्रेत असलेला 'जुनाट दाह' वेगळा आहे. त्यात लाली नाही, वेदना नाही, ताप नाही. पेशी कामावर येतात पण परत जात नाहीत. कारण त्यांना बोलावणारे कारण संपतच नाही. वर्षानुवर्षे मंद आच चालू राहते. कर्करोग आणि दाह यांचा संबंध जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ साली सुचवला होता. अर्बुदांत त्यांना पांढऱ्या पेशी आढळल्या आणि जेथे जुनाट चुरचुर असते तेथे कर्करोग उगवतो, असे अनुमान त्यांनी काढले. ते अनुमान दीर्घकाळ मागे पडले. यकृताच्या कर्करोगाने त्याला पुन्हा पुढे आणले, कारण हा कर्करोग बहुतेक वेळा आधीपासून दाह असलेल्या यकृतातच होतो.

आजाराला नाव मिळते

१९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० रुग्णांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून एक शोधनिबंध लिहिला. पेशींत चरबी, आजूबाजूला दाह, काही ठिकाणी तंतूंचे जाळे, असे सारे चित्र मद्यपींच्या यकृताचे होते. पण हे रुग्ण मद्यपी नव्हते. त्यांतले बहुतेक स्थूल होते आणि अनेकांना मधुमेह किंवा पित्ताशयाचे खडे होते. लुडविग यांनी या आजाराला जे नाव दिले त्याचा अर्थ 'मद्याविना होणारा मेदयुक्त यकृतदाह' असा होतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो 'नॅश' म्हणून ओळखला गेला.

या नावातील अडचण भाषेच्या अभ्यासकाला चटकन लक्षात येईल. आजार काय नाही हे ते सांगते, काय आहे हे सांगत नाही. आणि नकारानेच का होईना, मद्याचा उल्लेख रुग्णाच्या कपाळी चिकटवते. २०२३ साली जगभरच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी हे नाव बदलले. आता मूळ विकाराला 'मॅसल्ड' आणि दाहयुक्त अवस्थेला 'मॅश' म्हणतात. चयापचयाच्या बिघाडाशी निगडित मेदयुक्त यकृत, असा त्याचा आशय. जुन्या नावातील शब्द रुग्णाला कमीपणा आणणारे वाटतात, हे नाव बदलण्यामागचे एक घोषित कारण होते.

चरबी निष्क्रिय नसते

शरीरातील चरबी म्हणजे बाजूला ठेवलेली शिदोरी, अशी पूर्वीची समजूत होती. १९९३ साली गोखान होतामिश्लिगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, स्थूल प्राण्यांच्या चरबीतून 'टीएनएफ' नावाचे दाहकारक संदेशक प्रथिन तयार होते आणि इन्सुलिनच्या कामात ते अडथळा आणते. २००३ साली दोन स्वतंत्र गटांनी पुढचा दुवा शोधला. स्थूल शरीराच्या चरबीत भक्षक पेशींची गर्दी असते. सडपातळ माणसाच्या चरबीत या पेशींचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी, तर स्थूल माणसात ते ४० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते, असा त्यांतील एका गटाचा अंदाज होता.

या पेशी तेथे का जमतात? चरबीची पेशी तिच्या कुवतीपलीकडे फुगली की तिला प्राणवायू अपुरा पडतो, ती ताणाखाली येते आणि शेवटी मरते. मेलेल्या पेशीभोवती भक्षक पेशी कडे करून बसतात आणि टीएनएफ, आयएल-६ यांसारखी संदेशक प्रथिने रक्तात सोडतात. इन्सुलिनचा प्रभाव कमी झाल्याने चरबीतून मेदाम्ले अधिक प्रमाणात सुटतात आणि रक्तावाटे यकृताकडे येतात. पोटाच्या आतील चरबी या बाबतीत विशेष घातक आहे.

यकृताच्या पाचपेक्षा अधिक टक्के पेशींत चरबीचे थेंब दिसू लागले की त्याला मेदयुक्त यकृत म्हणतात. अनेकांचा आजार याच पायरीवर थांबतो. काहींच्या बाबतीत मात्र पुढची साखळी सुरू होते. मेदाम्लांच्या माऱ्याने यकृतपेशी फुगतात, त्यांच्यातील ऊर्जाकेंद्रे बिघडतात व काही पेशी मरतात. कुप्फर पेशी जाग्या होतात आणि रक्तातून आणखी भक्षक पेशींना बोलावतात. या गदारोळात यकृतातील 'तारकापेशी' उत्तेजित होऊन चिवट तंतू विणू लागतात. जखमेवर व्रण धरतो तसा हा प्रकार. पण जखम रोजची असल्याने व्रणावर व्रण चढतो. शेवटी यकृत गाठीगाठींचे व कठीण होते. यालाच सिरॉसिस म्हणतात.

दाहातून कर्करोग कसा होतो?

यकृताची एक अद्भुत शक्ती म्हणजे पुनर्निर्मिती. पेशी मेल्या की उरलेल्या पेशी विभागून जागा भरून काढतात. जुनाट दाहात हीच शक्ती महाग पडते. प्रत्येक विभाजनात जनुकांची नक्कल होते आणि नकलेत चुका होण्याचा संभव असतो. दाहातून निर्माण होणारी क्रियाशील ऑक्सिजन-द्रव्ये जनुकांना इजा करतात, म्हणजे चुका वाढतात. शिवाय टीएनएफ आणि आयएल-६ ही प्रथिने पेशींना 'मरू नका, वाढा' असाच आदेश देत असतात. दुरुस्तीच्या हेतूने दिलेला हा आदेश बिघडलेली पेशीही ऐकते.

२०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल कॅरिन यांच्या गटाने उंदरांवर याची परीक्षा घेतली. कर्करोगकारक रसायन दिलेल्या उंदरांत स्थूलतेमुळे यकृतातील अर्बुदे वाढली. पण ज्या उंदरांत आयएल-६ नव्हते किंवा टीएनएफचा संदेश घेणारा ग्राहक नव्हता, त्यांच्यात स्थूलतेमुळे होणारी ही वाढ दिसली नाही. स्थूलता कर्करोगाला खतपाणी घालते ती मुख्यतः दाहाच्या मार्गाने, हे यावरून स्पष्ट झाले. त्याच गटाने २००७ साली आणखी एक गोष्ट दाखवली होती. स्त्रीसंप्रेरक इस्ट्रोजेन कुप्फर पेशींतून होणाऱ्या आयएल-६ च्या निर्मितीला आवर घालते. जगभर यकृताचा कर्करोग स्त्रियांपेक्षा पुरुषांत दुपटीहून अधिक आढळतो. त्यामागचे एक कारण यात असावे.

आतड्यांचाही यात हात आहे. २०१३ साली जपानी संशोधकांनी असे दाखवले की, स्थूल उंदरांच्या आतड्यातील काही जीवाणू पित्ताचे रूपांतर डिऑक्सिकोलिक आम्लात करतात. हे आम्ल यकृतात पोहोचून तारकापेशींना अकाली वृद्ध करते आणि या वृद्ध पेशी दाहकारक द्रव्ये पाझरू लागतात. उंदरांना प्रतिजैविके देऊन ते जीवाणू कमी केले असता अर्बुदेही कमी झाली. अर्थात यावरून माणसाने प्रतिजैविके घ्यावीत असे कोणी म्हणत नाही. प्रयोगातून कार्यकारण कळते, नुस्खा मिळत नाही.

रक्षकच घातक होतात तेव्हा

आतापर्यंत आपण भक्षक पेशी पाहिल्या. रोगप्रतिकारशक्तीचे दुसरे अंग म्हणजे टी-पेशी. त्यांतील 'मारक' टी-पेशी विषाणूबाधित आणि कर्करोगग्रस्त पेशी ओळखून ठार करतात. 'साहाय्यक' टी-पेशी या मोहिमेचे नियोजन करतात. शरीरात बिघडलेल्या पेशी अधूनमधून निर्माण होत असतात आणि त्यांतील बऱ्याच या गस्तीत सापडतात. मेदयुक्त यकृतात ही गस्त तीन ठिकाणी मोडते.

पहिली गोष्ट साहाय्यक पेशींची. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांनी २०१६ साली दाखवले की, चरबीने भरलेल्या यकृतातून सुटणारे लिनोलेइक आम्ल साहाय्यक टी-पेशींच्या ऊर्जाकेंद्रांत बिघाड करते आणि त्या मरू लागतात. मारक पेशी तेवढ्या प्रमाणात मरत नाहीत. परिणामी नियोजन करणारे कमी होतात आणि अर्बुदे लवकर वाढतात.

दुसरी गोष्ट मारक पेशींची, आणि ती अधिक चकित करणारी आहे. या पेशी एरवी लक्ष्य ओळखूनच वार करतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, दाहयुक्त मेदयकृतात मारक पेशींचा एक गट ओळख न पटवताच यकृतपेशींना मारतो. आयएल-१५ हे संदेशक प्रथिन आणि चयापचयातून निघणारी ॲसिटेटसारखी द्रव्ये त्यांना या वर्तनाकडे ढकलतात. अशा रीतीने त्या निरोगी यकृतपेशींचा संहार करतात, संहारामुळे पुनर्निर्मिती वाढते आणि पुनर्निर्मितीतून कर्करोगाला वाव मिळतो. २०१४ साली झालेल्या उंदरांवरील प्रयोगातही मारक टी-पेशी नसलेल्या उंदरांत यकृताची हानी आणि कर्करोग दोन्ही कमी आढळले होते.

तिसरी गोष्ट प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींची. दाह दीर्घकाळ राहिला की यकृतात 'आयजीए' प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी साठतात आणि त्या कर्करोगविरोधी मारक पेशींना दडपून टाकतात. हे निरीक्षण २०१७ सालचे.

येथे वाचकाला विसंगती जाणवेल. एका प्रयोगात मारक पेशी कर्करोग वाढवतात, तर दुसऱ्यात त्या कर्करोगाला रोखतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पेशी तीच, परिस्थिती बदलली की तिचे काम बदलते. सुरुवातीला ओळखून मारणारी पेशी दीर्घ दाहात एक तर आंधळेपणाने मारू लागते किंवा थकून गप्प बसते. शहरात महिनोन्‌महिने संचारबंदी राहिली तर पहारेकरी थकतात, चिडतात आणि नागरिकांवरच लाठी उगारतात. खरा चोर त्या गोंधळात निसटतो. यकृतात घडते ते असेच काही.

उपचारातील पेच

या पेशींचे वर्तन समजणे केवळ पुस्तकी ज्ञानासाठी नाही. रोगप्रतिकारशक्तीला असलेला लगाम सैल करून तिला कर्करोगावर सोडायचे, ही आजच्या उपचारातील महत्त्वाची पद्धत आहे. तिच्या मुळाशी असलेल्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृताच्या पसरलेल्या कर्करोगात ॲटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी जुन्या औषधापेक्षा सरस असल्याचे २०२० साली दिसले आणि उपचाराची दिशा बदलली.

परंतु जेथे रक्षकच बहकले आहेत, तेथे त्यांचा लगाम सोडल्यास काय होईल? २०२१ साली उंदरांवर हा प्रयोग झाला. दाहयुक्त मेदयकृत असलेल्या उंदरांना अशा प्रकारचे औषध दिले असता कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. त्याच संशोधकांनी तीन मोठ्या मानवी चाचण्यांतील १६०० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र पाहिली. विषाणूमुळे कर्करोग झालेल्यांना या उपचाराचा लाभ दिसला, इतरांना तसा स्पष्ट दिसला नाही.

या निष्कर्षाला मर्यादा आहेत. 'विषाणूविरहित' या गटात मद्यपी आणि स्थूल असे सारेच एकत्र मोजले गेले होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत वेगळ्या औषधांच्या जोडीने विषाणूविरहित रुग्णांनाही फायदा दिसला. तेव्हा स्थूल रुग्णाने हे उपचार नाकारावेत असा याचा अर्थ मुळीच नाही. कर्करोग कोणत्या वाटेने आला हे पाहून उपचार निवडावा लागेल, या दिशेने वैद्यक सरकत आहे, इतकाच बोध घ्यावा.

आकडे आणि आपण

आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ साली जगात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार मृत्यू झाले. दोन्ही आकड्यांतील अंतर किती थोडे आहे, यावरूनच निदान किती उशिरा होते ते कळते. अमेरिकेत ९ लाखांहून अधिक प्रौढांचा १६ वर्षे पाठपुरावा केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, शरीरभार निर्देशांक ३५ किंवा अधिक असलेल्या पुरुषांत यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सामान्य वजनाच्या पुरुषांच्या साडेचार पट होते. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अतिरिक्त चरबीशी निगडित १३ कर्करोगांत यकृताचा समावेश केला.

'निर्देशांक ३५ म्हणजे फारच लठ्ठ माणसे. आमच्यात असे किती?' असे कोणी म्हणेल. येथे पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलेले एक उदाहरण उपयोगी पडते. त्यांनी आणि इंग्लंडमधील जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाट्यावर सारखे दिसणारे दोन देह आतून किती वेगळे असू शकतात, हे याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही. म्हणूनच भारतीयांसाठी निर्देशांक २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता धरण्याची शिफारस २००९ साली झाली, आणि कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर व स्त्रियांना ८० सेंटिमीटर मानली गेली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आला. पोटाची स्थूलता ३९.५ टक्के प्रौढांत आढळली. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के इतके होते. मधुमेह आणि मेदयुक्त यकृत यांची जोडी घट्ट आहे. त्यामुळे हा विषय परक्या देशातील श्रीमंतांचा नसून आपल्या घरातला आहे.

वाट कोठे वळवता येते?

या आजाराची एक दिलासा देणारी बाजू म्हणजे त्याची संथ गती. चरबी, दाह, तंतू, सिरॉसिस आणि कर्करोग या पायऱ्या चढण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात आणि आरंभीच्या पायऱ्यांवरून परत फिरता येते. क्यूबात २९३ रुग्णांवर वर्षभर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आहार आणि व्यायाम यांच्या बळावर ज्यांनी वजन १० टक्के किंवा अधिक घटवले, त्यांच्यापैकी ९० टक्के रुग्णांत यकृतदाह नाहीसा झाला आणि ४५ टक्क्यांत तंतूही कमी झाले. ८० किलोच्या माणसासाठी हे घटवायचे वजन आठ किलो होते. इतके वजन घटवणे सोपे नाही, हे त्याच अभ्यासात दिसले. फार थोड्यांना ते साधले. तथापि पाच टक्के घटीनेही फायदा होतो.

औषधांच्या बाबतीत २०२४ साली अमेरिकेत रेस्मेटिरोम या पहिल्या औषधाला आणि २०२५ साली सेमाग्लुटाइडला या आजारासाठी मान्यता मिळाली. ती मध्यम ते पुढच्या टप्प्यातील तंतुमयतेसाठी आहे, सिरॉसिससाठी नाही. आणि आहार व हालचाल यांना पर्याय म्हणूनही नाही.

सामान्य वाचकाने कोणत्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात?

पहिली, सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' आले तर तंतुमयता किती आहे हे डॉक्टरांना विचारावे. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून 'फिब-४' नावाचा गुणांक काढता येतो. मध्यमवयीन माणसात तो १.३ पेक्षा कमी असल्यास पुढच्या टप्प्यातील तंतुमयतेचा संभव कमी असतो. अधिक असल्यास फायब्रोस्कॅनसारखी तपासणी लागते.

दुसरी, एसजीपीटी सामान्य आले म्हणजे यकृत निर्दोष, असे नाही.

तिसरी, सिरॉसिस झालेल्या रुग्णाने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी. मेदयुक्त यकृतातून सिरॉसिस झालेल्यांत कर्करोगाचे वार्षिक प्रमाण साधारण १ ते २ टक्के मानले जाते. गाठ लहान असताना सापडली तर ती काढून टाकता येते. या आजारात काही वेळा सिरॉसिस होण्यापूर्वीही कर्करोग होतो, हेही ध्यानात असावे.

चौथी, हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी व बी ची लस टाळू नये. विषाणू आणि चरबी एकाच यकृतात भेटल्या तर धोका वाढतो.

आहाराबाबत आपल्या घरांना वेगळे सांगण्याची गरज नसावी. 'इस्राफ' म्हणजे मर्यादेबाहेरचा खर्च आणि मर्यादेबाहेरचे खाणे, दोन्ही. रमजानमध्ये दिवसभर पाळलेला संयम इफ्तारच्या दस्तरखानावर भजी, समोसे आणि साखरेच्या सरबतांत हरवत असेल, तर रोज्याचा शरीराला मिळणारा लाभ आपणच गमावतो. लग्नसराईतील जेवणावळी, दिवसातून अनेकदा घेतला जाणारा गोड चहा, बाटलीबंद पेये आणि घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांना न मिळणारे चालणे, या चार गोष्टींचा हिशेब प्रत्येक कुटुंबाने मांडून पाहावा. मधुमेहींनी रोजा आणि औषधे यांचा मेळ मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घालावा.

समारोप

२०२१ साली केंद्र सरकारने मेदयुक्त यकृताचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. त्यामुळे सरकारी यंत्रणेत या आजाराची दखल घेतली गेली. समाजात ती घेतली जाणे अजून बाकी आहे. शिक्षणसंस्थांना यात करता येण्याजोगे बरेच आहे. शाळेच्या उपाहारगृहात काय विकले जाते याकडे लक्ष देणे, मुलींसाठी मैदानाचा तास राखून ठेवणे, पालक-सभेच्या दिवशी कमरेचा घेर आणि रक्तातील साखर तपासण्याची सोय करणे, या गोष्टींना मोठा निधी लागत नाही.

आणि एक सुधारणा तर पैशाविनाच होऊ शकते. यकृताचा रुग्ण भेटला की 'पीत होता का?' हा प्रश्न आपण विचारू नये. ती चौकशी डॉक्टर करतील. आपण विचारावे ते एवढेच, की तपासणी कधी आहे आणि सोबत कोणी येऊ का.